मायेच्या सान्निध्यात, शांतपणे

डिम्फना क्विर्कनं आयुष्यात पाच नोकऱ्या केल्या. चारांमध्ये ती पत्रकार होती. पाचवीत ती काय होती, हे किलब्रॅनक या आयरिश गावात तिच्या तोंडावर कुणी म्हणत नसे. पाठीमागे म्हणत.

सतराव्या वर्षी ती गावच्या साप्ताहिकाच्या खिडकीत बसायला लागली. निधनाच्या बातम्या लिहून घ्यायच्या, हे काम. लोक टोपी हातात घेऊन यायचे आणि गप्प उभे राहायचे. डिम्फना विचारायची, "कोण गेलं? कुठं? घरी की दवाखान्यात?" एवढं कळलं की बाकीचं ती स्वतःच लिहायची. माणूस शांतपणे जायचा. घरच्यांच्या मायेच्या सान्निध्यात जायचा. सहा महिन्यांत तिचा हात असा बसला की समोरचा नाव सांगत असतानाच निम्मी बातमी कागदावर उतरलेली असायची.

मग तिला चर्चच्या फाटकावर पाठवलं. मयताला कोण कोण आलं, त्यांची नावं लिहायची. ती सगळी नावं गुरुवारी पेपरात छापून यायची. एखादं नाव राहिलं तर शुक्रवारी तो माणूस ऑफिसात हजर. एक नगरसेवक स्वतः कधीच यायचा नाही, मेव्हण्याला पाठवायचा. मेव्हणा डिम्फनाच्या कानात म्हणायचा, "त्यांचंही घाल गं, ते गाडी लावतायत." ती गाडी अकरा वर्षं लागत राहिली. डिम्फना ते नाव घालत राहिली. तेव्हा तिला त्याचं हसू यायचं.

त्यानंतर कोर्ट. तेवीस वर्षं दर मंगळवारी ती पत्रकारांच्या बाकावर बसली. बाहेर पायऱ्यांवर लोक तिची बाही धरायचे. "डिम्फना, माझं नाव नको घालू. आईला कळलं तर मरेल ती." डिम्फना घालायची. तिनं सख्ख्या चुलतभावाचं नाव घातलं, वय आणि पत्त्यासकट. त्या एका गोष्टीसाठी गाव तिला घाबरायचं आणि मानही द्यायचं.

चौथी नोकरी रेडिओवरची. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ती जिल्ह्यातल्या मृतांची नावं वाचायची. त्या पाच मिनिटांत किलब्रॅनकमध्ये किटली बंद करायचे, कुत्र्याला गप्प करायचे. मग रेडिओ डब्लिनच्या एका कंपनीनं घेतला. नावं वाचायला तिथल्या एका मुलीला ठेवलं. ती गावांची नावं चुकायची. डिम्फनाला एक फुलांचा गुच्छ मिळाला.

त्या वेळी ती एकोणसाठ वर्षांची होती.

साप्ताहिकाचा जुना संपादक टायग लीहान आता लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. डोक्यावर लाल अक्षराची पाटी लावलेली त्याची छोटी गाडी चौकात दिसायची. एकदा त्यानं खिडकीची काच खाली केली.

"काय गं, बेकार?"

"तूच ठेव मला. शिकवते तुझ्या पोरांना मागे जायला."

"आपल्या ऑफिसातले कुठं कुठं गेले बघ," टायग म्हणाला. "पॅडी शवपेट्या विकतो. शेला नन झाली. फिंटन बोस्टनमध्ये भिंती रंगवतो. सगळे प्रामाणिक धंदे. फक्त कॉर्मॅकला खोटं बोलायचा पगार मिळतो."

"कॉर्मॅकनंच फोन केलाय मला," डिम्फना म्हणाली.

टायगनं काच वर केली. मग पुन्हा खाली केली. "जाऊ नको," तो म्हणाला. आणि गाडी निघून गेली.

कॉर्मॅक बोलँड पूर्वी त्यांच्याकडे खेळाच्या बातम्या लिहायचा. हर्लिंगचा, म्हणजे काठ्या-चेंडूच्या खेळाचा सामना चालू असताना हा दारूच्या गुत्त्यात. सामन्याचं वर्णन मात्र असं लिहायचा की खेळणाऱ्यांनाही वाटायचं, आपण एवढे चांगले खेळलो का. पुढं तो एका मंत्र्याची भाषणं लिहायला लागला. मंत्री पडला. मग कॉर्मॅक ड्रमहॅरिग गटात गेला. या गटाचे जिल्ह्यात नऊ वृद्धाश्रम होते.

"काम तेच आहे," त्यानं डिम्फनाला सांगितलं. "आधी आपण बातमी द्यायचो. आता ती देत नाही, इतकंच. तुझा आवाज लोकांना ओळखीचा आहे. तुझ्यावर विश्वास आहे त्यांचा."

त्याचे दात फार पांढरे झाले होते. ऑफिसात लॅव्हेंडरचा वास होता, आणि त्या वासाच्या खाली उकडलेल्या कोबीचा. डिम्फनानं सही केली.

पहिलं दीड वर्ष काही घडलं नाही. शंभरी पूर्ण केलेल्या आजीबाईंचे केकसकट फोटो, ख्रिसमसचं गाणं. ती लिहायची, पेपर छापायचा. जिथं ती पूर्वी बसायची त्याच खिडकीत ते कागद जायचे.

मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी साडेसातला फोन वाजला. नुआला हॅलिनन होती. पशुखाद्याच्या दुकानात काम करणारी, मोसी हॅलिननची मुलगी.

"डिम्फना, बाबा गेले गं."

मोसी हॅलिनन चाळीस वर्षं पोस्टमन होता. डिम्फनाचे वडील इंग्लंडात कॉव्हेंट्रीला मजुरीला होते. त्यांचं पत्र आलं की मोसी ते पेटीत टाकायचा नाही. बटाट्याच्या शेतात चिखल तुडवत जायचा आणि तिच्या आईच्या हातात द्यायचा. शेवटची दोन वर्षं तो ड्रमहॅरिग हाऊसमध्ये होता. त्याला वेळकाळ समजत नसे. पहाटे उठून टपाल वाटायला निघायचा.

"कधी गेला?" डिम्फनानं विचारलं.

"झोपेत, म्हणाल्या तिथल्या बाई. सहाच्या सुमाराला. मला काही सुचत नाहीये. तू लिहिशील ना? आईचंही तूच लिहिलं होतंस."

"मी लिहिते. तू चहा घे. काहीतरी खा."

डिम्फनानं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या लिहिलं. चार मिनिटं लागली असतील. हॅलिनन, मोसी, निवृत्त पोस्टमन. ड्रमहॅरिग हाऊसमधल्या कर्मचाऱ्यांच्या मायेच्या सान्निध्यात, शांतपणे. तिनं ते फोनवर वाचून दाखवलं. नुआला पलीकडे रडत होती. "हो," ती म्हणाली. "तू लिहिशील ते." नऊ वाजून दहा मिनिटांनी ते रेडिओवर गेलं.

दहा वाजता डिम्फना ऑफिसात पोचली. कॉर्मॅकनं दार लावून घेतलं.

"मोसी हॅलिनन," तो म्हणाला. "थोडी गडबड आहे. तो बिछान्यात गेला नाही. मागच्या अंगणात सापडला. पायजम्यावर."

 रात्री कडक हिमतुषार पडला होता. सकाळी तिनं गाडीची काच खरवडून काढली होती.

"मागच्या दाराची घंटा बंद होती," कॉर्मॅक म्हणाला. "तीन आठवडे. सारखी वाजायची म्हणून कुणीतरी तार काढली. कपडे धुणारा तो ब्राझीलचा माणूस सहाला कामावर आला, त्याला दिसला. त्यानं उचलून आत आणला, बिछान्यात ठेवला. मग नर्सला बोलावलं."

"नुआलाला सांगितलंय?"

"काय सांगायचं? हृदय बंद पडलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा होता. कुठंही बंद पडलं असतं." त्यानं टेबलावरच्या बाटलीतलं जंतुनाशक हातावर घेतलं आणि चोळलं. "आणि ऐक. वकील म्हणतात, आपल्यापैकी कुणीही त्यांच्या घरी जायचं नाही. गेलो की चूक कबूल केल्यासारखं होतं."

"कॉर्मॅक, ते मोसीचं घर आहे."

"मला माहीत आहे कुणाचं घर आहे."

किलब्रॅनकमध्ये मेलेल्याला एक रात्र घरी ठेवतात. पेटी बैठकीच्या खोलीत, उघडी. सगळं गाव रांगेनं आत जातं, हातात हात देतं, पेटीपाशी थांबतं, मग स्वयंपाकघरात चहा आणि हॅमचं सँडविच. भांडण असलेली माणसंसुद्धा जातात. वीस वर्षं बांधावरून न बोललेले भाऊ जातात. डिम्फनानं सतराव्या वर्षापासून एकही घर चुकवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी पाच वाजता तिनं काळा कोट घातला. हॅलिननच्या घरापासून थोड्या अंतरावर गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला गवतावर गाड्याच गाड्या. फाटकापासून रांग बाहेर आली होती. लोक पाय आपटत उभे होते, हसतही होते, मोसीच्याच गोष्टी सांगत असणार. टायग रांगेत होता. पॅडी दारात माणसं आत सोडत होता. अर्धा तास ती गाडीत बसली. मग गाडी वळवून घरी आली आणि कोट काढला. 

तो ब्राझीलचा माणूस मात्र गेला. त्याला कुणी जाऊ नको म्हटलं नव्हतं. त्यानं नुआलाचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "मला फार वाईट वाटलं. मी उचलला तेव्हा तो फार गार होता. पायात चपला नव्हत्या."

नुआलानं विचारलं, "उचलला? कुठून?"

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली, असं टायगनं नंतर सांगितलं.

महिन्याभरात त्या माणसाचा करार संपला. तो त्याच्या देशी परत गेला. जाण्याआधी पोलिसांना त्यानं दोन पानं लिहून दिली होती.

पुढचे अकरा महिने डिम्फना निवेदनं लिहीत होती. ड्रमहॅरिग गट रहिवाशांच्या खासगी आयुष्याचा आदर करतो. ड्रमहॅरिग गट चौकशीला पूर्ण सहकार्य करत आहे. लिहून झालं की ती हात धुवायची. कॉर्मॅक वाचून म्हणायचा, "सुंदर. यात काहीच नाही." ही त्याच्याकडची शाबासकी होती.

खाटकाच्या दुकानात रांग असायची. ती आत शिरली की बोलणं बंद. एकदा खाटीक सुरी पुसत म्हणाला, "डिम्फना, तुला काय देऊ? की निवेदन पाठवतेस?" मागची बाई खुदकन हसली. डिम्फनानं अर्धा किलो सॉसेज घेतलं आणि घरी नेऊन टाकून दिलं.

ती नोकरी सोडू शकली असती. तिनं सोडली नाही. रोज सकाळी गाडीत बसताना ती स्वतःला सांगायची की आत राहिलं तर काहीतरी करता येईल. रोज संध्याकाळी तिनं काहीही केलेलं नसायचं.

जानेवारीत मृत्यूच्या चौकशीची तारीख लागली. त्याच्या आदल्या दुपारी कॉर्मॅक एक कागद नाचवत तिच्या टेबलाशी आला.

"सोनं सापडलंय, सोनं! घरच्यांची स्वतःची निधनवार्ता. वाच. 'कर्मचाऱ्यांच्या मायेच्या सान्निध्यात, शांतपणे.' घरच्यांना त्या दिवशी काही तक्रार नव्हती. नंतर कपडे धुणाऱ्यानं डोक्यात भरवलं. तो आता इथं नाही. उलटतपासणी करायला माणूसच नाही."

"ते मी लिहिलंय," डिम्फना म्हणाली.

कॉर्मॅक थांबला. "तू?"

"नुआलानं फोन केला. मी सवयीनं लिहिलं. तू मला सांगायच्या सव्वादोन तास आधी."

तो हसला. खरंखुरं, जुन्या ऑफिसातलं हसू. "तरीच! म्हटलं, इतकं नीट कुणी लिहिलं." मग त्यानं आवाज खाली आणला. "हे कुणाला माहीत आहे?"

"तिला. मला."

"ती बोलणार नाही. ज्यानं आपल्यासाठी काही केलं, त्याचं नाव इथं कुणी कोर्टात घेतं का? तू वकिलांच्या मागे बस. चांगला कोट घाल."

डिम्फना कंपनीच्या वकिलांच्या मागे बसली. समोर पत्रकारांचा बाक होता. लाकडाला तिच्या कोपरानं पडलेला खळगा अजून तसाच होता. कॉरोनर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, म्हातारा डॉक्टर होता. त्याच्या शंभरएक चौकशांच्या बातम्या तिनं लिहिल्या होत्या. त्यानं तिच्याकडे बघितलं, ती कुठं बसली आहे ते बघितलं, आणि कागदांत डोकं घातलं.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं. थंडीमुळे की नाही, ते माणूस कुठं होता यावर अवलंबून.

रात्रपाळीच्या नर्सनं शपथ घेतली. "सहा वाजून दहा मिनिटांनी मी खोलीत गेले. मिस्टर हॅलिनन बिछान्यात होते."

शब्दन् शब्द खरा होता.  असलं वाक्य डिम्फना स्वतः लिहू शकली असती. कदाचित तिच्याच कुठल्यातरी निवेदनातून ते उचललेलं होतं.

पोलिसानं ब्राझीलच्या माणसाची दोन पानं वाचली. वकील उभा राहून म्हणाला, हा माणूस कंपनीवर नाराज होता, आणि प्रश्न विचारायला तो इथं हजर नाही. मग त्यानं नुआलाला बोलावलं. नुआलानं दुकानातला हिरवा स्वेटर घातला होता. वकिलानं निधनवार्ता वाचून दाखवली. सावकाश, चांगल्या आवाजात.

"हे आपल्या कुटुंबातर्फे प्रसिद्ध झालं?"

"हो."

"कर्मचाऱ्यांची माया. शांतपणे. हे आपले शब्द?"

नुआलानं वकिलाच्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

"मिस हॅलिनन, हे आपण लिहिलंत का?"

"मी लिहिलं नाही."

"मग कुणी?"

नुआलानं मान वर केली आणि सरळ डिम्फनाकडे बघितलं. त्या बघण्यात विनंती नव्हती. रागही नव्हता. पोस्टाच्या खिडकीवर आपला नंबर यायची वाट बघावी तसं बघत होती. मग ती वकिलाकडे वळली. "मला सांगायचं नाही," ती म्हणाली.

वकील समाधानानं बसला. कॉर्मॅकनं फोनवर काहीतरी टाइप केलं.

डिम्फना उभी राहिली.

"मला शपथ घ्यायची आहे," ती म्हणाली.

वकील मागे वळला. कॉर्मॅकनं तिच्या कोटाची बाही धरली. अगदी पायऱ्यांवरचे लोक धरायचे तशी. "बस खाली," तो दातांतून म्हणाला. "डिम्फना, वेडी आहेस का? खाली बस." तिनं बाही सोडवून घेतली.

कॉरोनरनं चष्मा काढला. "मिस क्विर्क, तुम्हाला काय माहीत आहे?"

"ती बातमी मी लिहिली. पावणेआठला. मला तेव्हा काही माहीत नव्हतं. कंपनीनं घरच्यांना सांगितलं होतं की ते झोपेत गेले, त्यावरून लिहिलं." तिचा आवाज रेडिओवरच्यासारखा सपाट निघत होता. "दहा वाजता मला मिस्टर बोलँडनी ऑफिसात सांगितलं की मोसी हॅलिनन अंगणात सापडले. दाराची घंटा तीन आठवडे बंद होती. त्यांना नंतर बिछान्यात ठेवलं. हे त्यांनी मला सांगितलं, तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो."

"हे आपण आधी कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही."

"का?"

डिम्फनानं पत्रकारांच्या बाकाकडे बघितलं.  "माझा पगार चालू होता," ती म्हणाली.

कॉरोनरनं तिला शपथ दिली आणि सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग नर्सला परत बोलावलं. या वेळी त्यानं विचारलं, "बिछान्यात यायच्या आधी ते कुठं होते?" नर्स रडायला लागली. चार वाजता निकाल लिहिला गेला: मोसी हॅलिनन, वय चौऱ्याऐंशी, इमारतीच्या मागच्या अंगणात, थंडीनं. दाराबद्दल सरकारला वेगळं पत्र जाणार होतं.

डिम्फना बाहेर आली. कॉर्मॅक पायऱ्यांवर फोनवर बोलत होता. तिला बघून त्यानं पाठ फिरवली. तिची नोकरी गेली हे सांगायचीही तसदी त्यानं घेतली नाही. तिच्या फोनवरचं ऑफिसचं खातं तोवर बंद झालं होतं.

नुआला खालच्या पायरीवर उभी होती. टायग तिच्यासाठी गाडी आणायला गेला होता.

"नुआला," डिम्फना म्हणाली.

"अकरा महिने माहीत होतं तुला."

"हो."

"मी रोज दुकानात उभी असायचे. तू समोरून जायचीस. मी पोत्यांवर पोती मोजायचे आणि विचार करायचे, तो परदेशी माणूस खोटं बोलला असेल का. मला वेड लागायची पाळी आली. माझा भाऊ म्हणायचा, सोड, म्हातारा होता तो. आणि तुला माहीत होतं."

"हो."

"ते लिहिलंस त्याचं मला काही नाही. लिहितं माणूस सवयीनं. मीच हो म्हटलं." नुआलानं नाक पुसलं. "पण घरी आली नाहीस तू. लोक विचारत होते, डिम्फना कुठंय, डिम्फना आली का. मी म्हटलं, येईल. अकरा वाजेपर्यंत मी दार उघडं ठेवलं होतं. बाबांना थंडी लागेल म्हणून पॅडी दोनदा लावायला गेला. मी लावू दिलं नाही."

 चाळीस वर्षं लोकांच्या दुःखाला डिम्फनाकडे शब्द तयार होते. त्यातला एकही तिला आता तोंडात धरवेना. सगळ्या शब्दांना ऑफिसातला तोच लॅव्हेंडरचा आणि उकडलेल्या कोबीचा वास येत होता.

टायगची छोटी गाडी पायऱ्यांपाशी आली. डोक्यावरची पाटी काढायची राहिली होती. नुआला मागच्या सीटवर बसली. टायगनं काच खाली केली, डिम्फनाकडे बघितलं.

"तू चालत जा," तो म्हणाला. "आज चाल तू."

गाडी गेली. डिम्फना चालत घरी निघाली.

गुरुवारी पेपर आला. चौकशीची बातमी पहिल्या पानावर होती, आणि ती नीट लिहिली होती. डिम्फनाचं नाव चौथ्या परिच्छेदात होतं. वय एकसष्ट, पत्ता पूर्ण. खाली अवतरणात तिचंच वाक्य: माझा पगार चालू होता. तिनं ते उभ्यानं वाचलं. पेपर घडी करून ठेवला, आणि दिवसभर ती ज्या ज्या खोलीत गेली, त्या खोलीची खिडकी तिनं उघडली.